सीबीआर आला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही

बीएस्सीला केमिस्ट्री केलेल्या प्रत्येकाला सीबीआर माहीत असतो, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. ब्युरेट म्हणजे खुणा असलेली काचेची नळी, तिच्यातून द्रावण थेंब थेंब सोडून रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं, हेच टायट्रेशन. तीन रीडिंग घ्यायची, दोन सारखी आली की झालं, जर्नलमध्ये लिहा आणि सही घ्या. मी पाण्याच्या टेस्टिंगमध्ये काम करतो आणि नवीन मुलं लॅबमध्ये आली की हाच सीबीआर डोक्यात घेऊन येतात, त्यामुळे प्रिसिजन (रीडिंग एकमेकांशी जुळणं) आणि ॲक्युरसी (उत्तर खऱ्या आकड्याजवळ असणं) या दोन गोष्टी त्यांच्यासाठी एकच होऊन बसलेल्या असतात. हे मला खरंच खटकतं, म्हणून लिहितोय.

बोअरच्या पाण्याची हार्डनेस घ्या. ५० मिली सॅम्पल, अमोनिया बफर घालून पीएच १० ला आणायचा, रंग दाखवणारा इंडिकेटर म्हणून चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं द्रावण, सोडायला सुरुवात. वाईन रेड रंग शेवटी शेवटी जांभळट होतो आणि मग एका थेंबात निळा, तो थेंब ओळखता यायला हात बसावा लागतो. समजा रीडिंग आलं १७.६ मिली, परत १७.६, परत १७.५. म्हणजे हार्डनेस ३५२ मिलिग्रॅम प्रति लिटर. रीडिंग एकमेकांना धरून आहेत, ही झाली प्रिसिजन. पण बाटलीवर ०.०१ लिहिलेलं ते ईडीटीए प्रत्यक्षात ०.००९५ असेल तर? खरं उत्तर ३३४ च्या आसपास निघतं, आणि तुम्ही दहा वेळा टायट्रेशन केलंत तरी दहाही वेळा ३५२ च येणार. या एकाच बाजूला सरकलेल्या चुकीला बायस म्हणतात, आणि ती रिपीट करून कधीच सापडत नाही, त्यासाठी ईडीटीए कॅल्शियम कार्बोनेटवर स्टँडर्डाइज करावंच लागतं, म्हणजे त्याची खरी ताकद तपासावी लागते, किंवा हार्डनेस आधीच माहीत असलेलं सॅम्पल मधे लावून बघावं लागतं.

ब्लँक पण तसाच. सॅम्पलच्या जागी डिस्टिल्ड वॉटर, बाकी सगळं तेच. त्याला ०.२ मिली लागले तर ते वजा करायचे, नाहीतर तुमचे ४ मिलिग्रॅम उगाच वाढले. आणि ब्युरेटवर ०.१ च्या खुणा, म्हणजे एक खूण इकडची तिकडे झाली की उत्तर २ नी हलतं, मग रिपोर्टवर ३५२.०० कशासाठी लिहायचं? एक्सेलने दिलं म्हणून? ते दोन शून्य कुणीही मोजलेले नाहीत.

पण सगळ्यात जास्त घोळ बीडीएलचा, बिलो डिटेक्शन लिमिट. सोसायटीच्या रिपोर्टवर लेडसमोर (म्हणजे शिशासमोर) बीडीएल दिसलं की लोक म्हणतात लेड नाहीये, चला सुटलो. अहो, बीडीएल म्हणजे शून्य नाही! आमच्या पद्धतीला दिसलं नाही एवढंच. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात लेडची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आता लॅबच्या पद्धतीची डिटेक्शन लिमिटच ०.०५ असेल तर मर्यादेच्या तिप्पट लेड असलेलं पाणी पण बीडीएलच दाखवणार. त्यामुळे बीडीएलच्या शेजारी डिटेक्शन लिमिटचा आकडा नसेल तर तो रिपोर्ट मी तरी पूर्ण मानत नाही.

ही लिमिट काही मनाने ठरवत नाहीत. एक नेहमीचा हिशोब असा की मशीनचा सिग्नल मुळात किती हलतो त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन घ्यायचं, कॅलिब्रेशनच्या रेषेच्या (माहीत असलेल्या प्रमाणांना किती सिग्नल येतो त्या आलेखाच्या) स्लोपने भागायचं, ३.३ ने गुणलं की डिटेक्शन लिमिट म्हणजे एलओडी, १० ने गुणलं की क्वांटिटेशन लिमिट म्हणजे एलओक्यू. दोन्हीच्या मधे काही सापडलं तर "आहे" म्हणता येतं, "इतकं आहे" असं छातीठोक सांगता येत नाही. स्लोप म्हणजेच सेन्सिटिव्हिटी, हे बरेच जण विसरतात आणि एलओडीलाच सेन्सिटिव्हिटी म्हणतात.

अजून एक, नायट्रेट. आपली मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, पण ती नायट्रेट म्हणून, आणि काही रिपोर्टमध्ये तेच नायट्रोजन म्हणून, म्हणजे त्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरून, दिलेलं असतं, तिथे ४५ चे साधारण १० होतात. म्हणजे "नायट्रेट, ॲज एन" असं लिहून समोर १५ असेल तर ते पाणी मर्यादेच्या बाहेर आहे, आणि ४५ शी ताडून बघणारा ते बिनधास्त पितो. तेव्हा रिपोर्ट हातात आला की युनिट कशाचं, पद्धत कुठली आणि एलओक्यू किती हे लॅबला फोन करून विचाराच, चांगली लॅब लगेच सांगते.