नान्नजची काळी माती आणि अर्ध्यात अडकलेलं दार: कॅम्पर घेऊन सोलापूरला जाणाऱ्यांसाठी

पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग ६५ ने भिगवण, टेंभुर्णी, मोहोळ करत सोलापूर गाठेपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. रस्ता चांगला आहे, सकाळी लवकर निघा, एवढंच.

सोलापुरातून बार्शी रोडने वीसेक किलोमीटरवर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक पक्षी आता क्वचितच नजरेस पडतो, पण गवताळ माळावरचे काळविटांचे कळप बघायला तरी जायलाच हवं. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. कच्च्या रस्त्यावरची काळी माती गाडीच्या खालच्या अंगाला थापली गेली, रात्रीत वाळली, आणि सकाळी आमच्या कॅम्परचं, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या व्हॅनचं, सरकतं दार अर्ध्यावर येऊन थांबलं. पुढेही जाईना, मागेही येईना. आई-बाबा आत बसलेले. अशा वेळी पहिली गोष्ट, गॅस सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि सगळ्यांना पुढच्या दाराने बाहेर काढा. त्यासाठी पुढच्या सीटकडे जायची वाट सामानाने कधीच अडवू नये.

जोर लावून ओढायचा मोह होतो. ओढू नका. अशा दाराला साधारण तीन ठिकाणी रोलर असतात: वर पुढच्या कोपऱ्यात, खाली पायरीच्या पट्टीत आणि मागच्या बाजूला पत्र्यावरच्या रेलमध्ये. अडकलेल्या दाराला हिसका दिला की रोलरचा दांडा वाकतो, आणि मग नुसत्या साफसफाईवर भागत नाही.

टॉर्च घेऊन आडवा झालो तेव्हा खालच्या पट्टीत माती घट्ट बसलेली दिसली, आणि रोलरच्या अगदी पुढ्यात हरभऱ्याएवढा खडा. काळी माती वाळल्यावर खरवडून निघत नाही, तिला आधी भिजवावं लागतं. बाटलीने पाणी सोडलं, थोडा वेळ जाऊ दिला, मग जुन्या टूथब्रशने आणि फडकं गुंडाळलेल्या स्क्रू ड्रायव्हरने माती काढली. खडा निघाला तसं दार हाताच्या साध्या ढकलण्याने सरकलं.

तरी बंद होताना मागची कड खाली बसत होती. कड दोन्ही हातांनी उचलून बघा. खुळखुळली तर मागच्या रेलमधला रोलर झिजलाय असं समजा. दाराच्या मागच्या बाजूचं ओझं तोच पेलतो. आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या एका गॅरेजात गेलो. मेस्त्रींनी दाराखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लावला, बोल्ट सैल करण्याआधी त्यांच्याभोवती मार्करने रेघ मारली, आणि मगच जुना रोलर काढला. “रेघ न्हाई मारली तर दार परत जागेवर बसंना बघा,” म्हणाले. हे काम स्वतः करणार असाल तर दार धरायला दुसरा माणूस हवाच, आणि सगळे रोलर एकदम सोडवू नका.

ग्रीसबद्दल माझं मत ठाम आहे: रेलमध्ये थापू नका. इथल्या धुळीत ग्रीस म्हणजे माती गोळा करायचं साधन. रेल धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. तोच थोडा फडक्यावर घेऊन दाराच्या रबराला लावा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा रबर पत्र्याला चिकटतं आणि लॉक बिघडलंय असं वाटतं. दार फक्त आतून उघडत नसेल तर आधी चाइल्ड लॉक बघा. काही व्हॅनमध्ये त्या बाजूचं इंधनाचं झाकण उघडं असलं तरी दार मुद्दाम अडवलेलं असतं.

पुढे नळदुर्गला गेलो. सोलापूरपासून साधारण पंचेचाळीस किलोमीटर, हैदराबादच्या दिशेने. पाऊस चांगला झाला असेल तर किल्ल्यातल्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणी महालावरून कोसळणारं बोरी नदीचं पाणी चुकवू नका. गाडी मात्र डांबरी किंवा मुरमाच्या जागेवरच लावा, आणि मुक्कामाला पोचलात की जेवणाआधी खालच्या पट्टीवरून ब्रश फिरवा. माती ओली असते तोवर दोन मिनिटांचं काम आहे.