ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जुना इटालियन सिनेमा लावला की ओठ आणि आवाज जुळत नाहीत, मग प्रिंट खराब आहे का? बहुतेक वेळा नसते. तिथे शूटिंगच्या वेळी आवाज घेतच नसत. घेतला तरी पुढे डबिंग करताना आधार म्हणून.

दिग्दर्शक रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' (१९४५) मुका चित्रित झाला, संवाद मागाहून बसवले. तेव्हा टंचाई होती. पण पुढे पैसा आला तरी पद्धत तीच राहिली, कारण परदेशी सिनेमे इटालियनमध्ये करणारी डबिंगची तयार फळी तिथे १९३०च्या दशकापासूनच होती. दिग्दर्शक फेलिनीच्या तर ते पथ्यावरच पडलं. कॅमेरा चालू असताना तो नटांना मोठ्याने सूचना देई, काहींना संवादांऐवजी नुसते आकडे म्हणायला लावी. आकडे म्हणणारे ओठ संवादाशी जुळणार कसे?

आपला हिंदी सिनेमाही, शूटिंगच्या वेळीच आवाज घेतलेल्या 'लगान'च्या (२००१) आधी, बराच काळ डबच होत होता. फरक असा, की आपले नट सहसा स्वतःचेच संवाद, त्याच भाषेत, पडद्याकडे बघत पुन्हा म्हणत. फेलिनीच्या 'ला स्त्रादा'च्या (१९५४) इटालियन ट्रॅकवर मात्र अमेरिकन नट अँथनी क्विनचा आवाज दुसऱ्याच नटाचा आहे. क्विनचा खरा आवाज इंग्रजी ट्रॅकवर मिळतो, पण मग बाकीचं गाव इंग्रजी बोलू लागतं. माझं मत विचाराल तर इटालियनच लावा. विस्कोंतीच्या 'द लेपर्ड'ची (१९६३) इंग्रजी आवृत्ती तर मूळ सिनेमापेक्षा चांगली वीसेक मिनिटांनी आखूड आहे. त्यातला अमेरिकन नट बर्ट लँकेस्टर याच्या खऱ्या आवाजासाठी एवढी किंमत मोजू नये.

आता दोष डबिंगचा की तुमच्या यंत्राचा, हे ओळखायचं कसं? ओठांकडे बघूच नका. दार आपटताना, टाळी वाजताना, पेला टेबलावर ठेवताना बघा. हे आवाज वेळेवर येत असतील तर गडबड फक्त डबिंगची, तिला इलाज नाही. तेही उशिरा येत असतील तर बहुधा ब्लूटूथ स्पीकर आवाज मागे खेचतोय. विंडोजवरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'जे' दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद लवकर येतो, 'के' दाबलं की तेवढाच उशिरा. आधी वायर लावून बघा. बऱ्याचदा 'जे'ला हात लावायची वेळच येत नाही.