मात्रा तीच, गोळी वेगळी

उन्मादाच्या झटक्यात दाखल झालेल्या रुग्णाला व्हॅल्प्रोएट हे मनःस्थिती स्थिर करणारे औषध सुरू करताना आम्ही वजनावरून मात्रा काटेकोरपणे काढतो; मात्र गोळी कोणत्या प्रकारची आहे, हे बहुतेकदा वॉर्डातल्या साठ्यावर सोपवतो. निवासी डॉक्टर असताना मीही तेच करत असे.

ऐन प्रक्षोभाच्या घटकेला या औषधाचा फारसा उपयोग नसतो, हे आधी सांगायला हवे. तेव्हा रुग्णाला शांत करणारे लोराझेपाम किंवा हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिनचे इंजेक्शनच कामी येते. या दोन पर्यायांची तुलना वेल्लोर येथे 200 रुग्णांवर झाली होती आणि त्यात दुसरा पर्याय अधिक लवकर गुण देणारा ठरला. व्हॅल्प्रोएटचे काम त्यापुढचे, म्हणजे येत्या काही दिवसांत ती इंजेक्शने लागू नयेत असे पाहण्याचे.

व्हॅल्प्रोएटचाच एक प्रकार असलेल्या डायव्हॅल्प्रोएक्सच्या साध्या, आतड्यात विरघळणाऱ्या गोळीने दर किलो वजनामागे 20 ते 30 मिलिग्रॅम अशी सुरुवात केली, तर साठ किलोच्या रुग्णाला दिवसाला 1200 ते 1800 मिलिग्रॅम लागतात. तीच मात्रा संथ गतीने झिरपणाऱ्या ईआर गोळीतून दिली, तर रक्तात पोहोचणारे औषध सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरते. म्हणून साध्या गोळीवरून ईआर गोळीवर जाताना मात्रा 8 ते 20 टक्के वाढवावी लागते. माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत हा बदल कोणाच्याही लक्षात आला नाही आणि आठवडाभर आम्ही आजारालाच चिवट म्हणत राहिलो.

त्यातच तो गोळी गालात दडवून ठेवत असे. रात्रपाळीच्या सिस्टरांनी सद्हेतूनेच ती कुटून पाण्यातून दिली. पण ईआर गोळी कुटली की तिची संथ गतीच नाहीशी होते. रक्ततपासणीतही अशीच गफलत होते: रात्री नऊला दिलेल्या ईआर गोळीनंतर सकाळी काढलेल्या नमुन्यात दिवसातली सर्वांत कमी पातळी सापडत नाही, त्यामुळे दर मिलिलिटर रक्तात 50 ते 125 मायक्रोग्रॅम या अपेक्षित पट्ट्यात बसलेला आकडा उगाच धीर देतो.

शेवटी आम्ही त्याला सोडियम व्हॅल्प्रोएटचे सिरप दिवसातून तीनदा, जेवणानंतर सुरू केले. चव त्याला मुळीच आवडली नाही, पहिले दोन दिवस मळमळही झाली. पण औषध पोटात गेले की नाही, हा रोजचा वाद मिटला.