ओकखालचा हमिंगबर्ड सेज: दुसरा वसंत

सॅन होजेतल्या आमच्या परसात, लाइव्ह ओक या सदाहरित झाडाच्या सावलीत लावलेला हमिंगबर्ड सेज यंदा खरा पसरला. शास्त्रीय नाव साल्व्हिया स्पॅथेसिया, मूळ कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीच्या टेकड्यांवरचं. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून लागवड नोव्हेंबरात केली. पहिलं वर्षभर वर फारसं काही दिसलं नाही. झाड जमिनीखाली मुनवे सोडत होतं. या फेब्रुवारीत मूळ रोपापासून वीत-दीड वीत अंतरावर, ओकच्या पाचोळ्यातून नवे कोंब वर आले आणि मधली जागा पानांनी भरून गेली.

पानांचा थर जेमतेम फूटभर उंच. मार्चपासून त्यातून दोन-अडीच फुटांचे दांडे निघालेत. दांडा चौकोनी, कारण हे तुळशीच्याच कुळातलं. फुलोराही मंजिरीसारखाच, दांड्याभोवती एकावर एक वलयं. पण इथे एकेक वलय लिंबाहून मोठं आणि त्यातून डोकावणारी फुलं गडद किरमिजी, लांब नळीची.

सुगंध मात्र फुलांचा नाही, पानांचा. पानं खरखरीत, चिकट. हात फिरवला की पिकल्या फळासारखा गोडसर वास बोटांवर राहतो. हरणं बहुधा याच वासामुळे तोंड लावत नाहीत. हमिंगबर्डला त्याचं काही नाही, तो रंग बघून येतो आणि नळीतल्या मधासाठी परततो. म्हणून जागा निवडताना दोन्ही बघावं: पायवाटेची कड, म्हणजे जाता-येता पानांना हात लागेल, आणि जवळ एखादी उघडी काटकी, म्हणजे पक्ष्याला बसता येईल. आमच्याकडे ॲनाज या जातीच्या हमिंगबर्डचा नर तशाच काटकीवर बसून सगळा वाफा राखतो, दुसरा आला की हुसकावून लावतो. आपल्याकडचा शिंजीर बहुतेकदा फांदीवर टेकून मध पितो. हा हवेत जागच्या जागी तरंगत पितो. वजन उणंपुरं चार ग्रॅम! कितीही वेळा पाहिलं तरी हातातलं काम थांबतंच.

पाणी: मुळं धरेपर्यंत नियमित, त्यानंतर उन्हाळ्यात महिन्यातून एखादं. जुन्या ओकच्या बुंध्याशी उन्हाळ्यात ओल राहिली तर मुळांना बुरशी लागते, त्यामुळे त्याच्याखाली इतकं कमी पिणारं झाड मिळणं ही मोठी सोय आहे. खत काहीच नाही. ओकचा पाचोळा झाडून काढत नाही, तेच आच्छादन.

बहर ओसरल्यावर दांडे लगेच छाटणार नाही. वाळलेली काळसर वलयंही देखणी दिसतात. ॲनाज इथे बारमाही असतो आणि सेजचा मध उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणून वाफ्याच्या उन्हाकडच्या कडेला कॅलिफोर्निया फ्यूशिया लावायचं ठरवलंय. त्याची शेंदरी फुलं ऑगस्टपासून शरदापर्यंत येतात. नोव्हेंबरात सेजचे मुनवे वेगळे करीन. बे एरियात, म्हणजे सॅन होजेच्या आसपास, कुणाला हवे असतील तर झाडाखालची कोरडी सावली आत्ताच हेरून ठेवा.