उक्तं दिलेलं बेट

कुडाळ तालुक्यात आमची थोडी वरकस जमीन आहे. नाचणीसुद्धा परवडेना, तेव्हा 2016 च्या जूनमध्ये तिथे माणग्याचे साठ कंद लावले. माणगा म्हणजे आमच्याकडचा बिनकाट्यांचा, बुंध्याशी जवळजवळ भरीव बांबू. एका कंदातून काठ्यांचा जो झुबका होतो, त्याला बेट म्हणतात. पहिली वर्षं नुसती राखण केली. कोंब वर आला की साळिंदर कुरतडायचं, त्यातून वाचला तर वानर मोडायचे.

पाचव्या वर्षी तोडीला आला. "वनखात्याचा परवाना लागतो" असं सांगून वाडीतल्या चौघांनी घाबरवलं. पण 2017 मध्येच भारतीय वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू काढून टाकलाय, त्यामुळे मालकीच्या जमिनीतल्या बांबूला ती भानगड उरली नव्हती.

फसगत झाली ती विक्रीत. व्यापारी म्हणाला, "वहिनी, बेटं उक्ती द्या, सगळ्यांचे मिळून ठोक पैसे, काठ्या मोजायची कटकट नको." दिली. त्याच्या गड्यांनी दोन दिवसांत ट्रक भरला आणि माल फोंडा घाट चढून कोल्हापूरकडे गेला, टोमॅटोला आधार द्यायला. मी पैसे मोजत बसले, बेटांकडे बघितलंच नाही.

गड्यांनी हाताला लागतील त्या कडेच्या काठ्या तोडल्या होत्या. बेट बाहेर पसरत जातं, म्हणजे कोवळी काठी कडेला आणि जून काठी पोटात. नवे कोंब येतात ते कोवळ्यांच्या कंदातून. पुढच्या पावसात एकेका बेटाला जेमतेम दोन कोंब! सासरे म्हणाले, "भायरल्यो तोडू नको गो, आतल्यो तोड." हे आधी सांगायचं ना!

त्यानंतर दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नव्या काठ्यांवर ऑइलपेंटचा ठिपका देते, प्रत्येक वर्षाचा रंग वेगळा. तशीही काठी ओळखता येते: कोवळीवर बोट फिरवलं की पांढरी पूड लागते, जुनीवर दगडफुलासारखे डाग दिसतात. तीन वर्षं झालेलीच तोडायची, तीही जमिनीलगत पेराच्या जरा वर, नाहीतर खुंटात पाणी साचून कंद कुजतो.

दोन हंगाम कोयता लावलाच नाही. मग गडी माझे, मोजणी माझी. 412 काठ्या निघाल्या, वाकड्या बाजूला काढून काठीला 55 रुपयांनी दिल्या. उक्त्यात जेमतेम तीस पडले होते. व्यापारी तोच. शेंडे मात्र त्याला दिले नाहीत, त्यांचा पडवळाला मांडव घातलाय.