मग ते घर खरं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण खुल्या संग्रहालयाचा, म्हणजे जुनी घरं आणून मोकळ्या जागेत उभी करतात त्या संग्रहालयाचा, विषय निघाला की हा प्रश्न येतोच: खेड्यातलं जुनं घर जागेवरून सोडवून दुसरीकडे उभं केलं, मग त्यात खरं काय उरलं, तो तर सिनेमाचा सेट झाला ना?

अर्धं बरोबर आहे तुमचं. १९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्येही (जुन्या वास्तू जपण्याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) वास्तू तिच्या जागेपासून तोडू नये असंच म्हटलंय, वाचवायला दुसरा मार्गच नसेल तर गोष्ट वेगळी. आणि बहुतेक वेळा नसतोच हो, रस्ता येतो, धरण येतं, नाहीतर मालकाला स्लॅबचं घर हवं असतं (त्यात त्याचं काय चुकलं, पावसात गळक्या छपराखाली त्यालाच राहायचंय).

पण लाकडी सांगाड्याच्या घरांची एक गंमत आहे. युरोपातले जुने सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघायचे, प्रत्येक सांध्यावर पटाशीने खुणा करायचे, मग सगळं सुटं करून जागेवर नेऊन उभं करायचे. म्हणजे घर जन्मतःच सुटं होणारं! आपण आज घर सोडवताना लाकडांवर नंबरांचे बिल्ले ठोकतो आणि शेजारीच त्या सुताराची खूण दिसते, तेव्हा जरा ओशाळायलाच होतं. कुडाच्या भिंतीचं मात्र तसं नाही, ती माती उचलून नेताच येत नाही, नव्याने लिंपावी लागते, त्यामुळे बऱ्याचदा सांगाडा जुना आणि भिंत नवी असा प्रकार असतो आणि हे पाहुण्यांना सरळ सांगावं असं माझं मत आहे, काही ठिकाणी सांगत नाहीत.

खरा वाद वेगळाच असतो: घर दाखवायचं कुठल्या सालचं? दोनशे वर्षांत लोकांनी नव्या खिडक्या पाडल्या, चूल हलवली, पत्रे घातले, ते सगळं काढून 'मूळ' रूप आणायचं म्हणजे मधल्या माणसांना पुसून टाकायचं. वेल्समधल्या सेंट फॅगन्स या खुल्या संग्रहालयाने यावर मस्त तोड काढलीय, कामगारांची सहा घरांची एक चाळ तिथे आणलीय आणि एकेक घर वेगळ्या काळात लावलंय, १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि शेवटचं थेट १९८५! स्टॉकहोमचं स्कॅन्सेन हे खुलं संग्रहालय १८९१ चं, म्हणजे घरं आणून मांडायची कल्पना तशी जुनी, पण त्या चाळीइतकं प्रामाणिक उत्तर मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

आणि हो, चूल पेटवावी लागते. रिकामं घर ओल धरतं, धूर नसला की छपरात किडे होतात.

पुढच्या वेळी गेलात तर आधी खांबांचे पाय बघा, कुजतात ते तिथेच. जुन्या खांबाला खाली नवं लाकूड जोडलेलं उघड दिसलं तर समजा काम चांगल्या हातांनी झालंय.