राहून गेलेल्या देण्याचे गाणे

अभंगांच्या आणि आरत्यांच्या या प्रदेशात देवाचे नावही न घेता डोळे ओले करणारी गाणी भावगीतांनी दिली, आणि त्यांपैकी मला सर्वांत जवळचे वाटते ते ‘गेले द्यायचे राहून’. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘आरती प्रभू’ या नावाने लिहिलेली ही कविता हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केली. जे द्यायचे होते ते हातातच राहिले, एवढीच खंत त्यात आहे. परंतु ती कोणावर दोष ठेवत नाही, समोरची व्यक्ती कोण हेही सांगत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक श्रोता आपापले दुरावलेले माणूस तिथे आणून बसवतो. गायिकेने हुंदक्याचा आधार कोठेही घेतलेला नाही, हा संयमच मला अधिक बोचतो. (हे गाणे सकाळी मात्र ऐकू नये, दिवसभर कामात लक्ष लागत नाही.)

कवी मंगेश पाडगावकर, संगीतकार श्रीनिवास खळे आणि गायक अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे ‘शुक्रतारा मंदवारा’ याहून अधिक लोकप्रिय असेल. तेही मला प्रिय आहे, पण त्यातील प्रेमिक एकमेकांसमोर आहेत. त्यांना माझी गरज भासत नाही.